‘कामगार तलाठी’ : हा कामगार कोणता?

विषय जाहीर करताना आम्ही ‘सरकारी माणसांची नावं’ असं लिहिलं होतं. पण एवढा मोठा पसारा एका तासात आवरणार नाही, म्हणून आज एकच शब्द घेऊन बसायचं ठरवलं आहे : कामगार. तुम्ही म्हणाल, कामगार हा सरकारी माणूस कधीपासून झाला? तर होता. बराच काळ होता. आणि एका जागी तो अजूनही तसाच चिकटून राहिला आहे.

मागच्या व्याख्यानानंतर कॉलेजात शिकणारी एक मुलगी मागे थांबली होती. शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स तिच्या हातात होती. खाली जांभळ्या शाईचा शिक्का : ‘कामगार तलाठी’, त्याखाली गाव, तालुका, जिल्हा. तिचा प्रश्न असा होता, “सर, तलाठी तर सरकारी माणूस. मग शिक्क्यावर कामगार कसा? त्यांची संघटना असते म्हणून का?” आम्हाला हसू आलं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिवाय तिचा दुसराही एक प्रश्न होता, तो शेवटी सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला महात्मा फुल्यांकडे जावं लागतं. ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३ सालचं लेखन. त्यात ब्राह्मण कामगार, गोरे कामगार असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आज हे पुस्तक पहिल्यांदा वाचणारा विद्यार्थी इथं हमखास फसतो. आमच्याकडे एकानं उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की, जोतीरावांनी विलायतेहून आलेल्या मजुरांच्या चैनीवर टीका केली! त्याचा दोष नाही. त्यानं शब्दाचा आजचा अर्थ लावला. फुल्यांच्या लेखी कामगार म्हणजे सरकारी कामावरचा माणूस : कलेक्टर कचेरीतला, इंजिनिअर खात्यातला, मामलेदाराच्या हाताखालचा. गोरे कामगार म्हणजे युरोपियन अधिकारी. शेतकरी आपली जमीन आणि आपला घाम घेऊन एका बाजूला उभा, आणि कागद व शिक्का हातात असलेला कामगार दुसऱ्या बाजूला. सारं पुस्तक या दोघांच्या व्यवहारावर आहे, आणि त्यात कामगार हा नागवणारा आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे हीच जोडी आपल्याला पार वेगळ्या रूपात भेटणार आहे.

आता शब्दाची फोड करू. ‘काम’ आपला घरचा. संस्कृतात कर्म, प्राकृतात कम्म, मराठीत काम. मदनाचा जो काम, इच्छा या अर्थाचा, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. दोन वेगळ्या घरची माणसं, फक्त नाव सारखं. ‘गार’ मात्र फारसीतून आलेला प्रत्यय आहे, अर्थ ‘करणारा’. गुन्हा करणारा तो गुन्हेगार, मदत करणारा मदतगार, खिदमत म्हणजे सेवा करणारा खिदमतगार. तसा काम करणारा तो कामगार. देशी शब्दाला परका प्रत्यय लावायला मराठी कधी बिचकलेली नाही.

इथं एक फसवी वाट आहे, तीही सांगून टाकतो. फारसीत ‘कामगार’ असा अख्खा शब्द आधीपासून आहे. पण तिथं ‘काम’ म्हणजे इच्छा, आणि कामगार म्हणजे ज्याच्या इच्छा पुऱ्या झाल्या असा, भाग्यवान, यशस्वी. मोगलाईत हे माणसाचं नाव म्हणून चाले. जहांगीर बादशहाची ‘मासिर-इ-जहांगीरी’ ही हकिकत लिहिणाऱ्याचं नावच कामगार हुसैनी. कोणी उत्साही मनुष्य सांगेल की, आपला कामगार यातून आला, म्हणजे मुळात भाग्यवान! ऐकायला छान आहे, पण अर्थाची सांगड बसत नाही. आमच्या मते आपल्या शब्दाचे खरे सोयरे ‘कारगर’ आणि ‘कारकून’ हे आहेत. फारसीत ‘कार’ म्हणजे काम. कारगर म्हणजे काम करणारा. इराणात आजही मजुराला कारगर म्हणतात. कारकूनमधल्या ‘कुन’चाही अर्थ करणारा. म्हणजे कारकून आणि कामगार यांचा शब्दार्थ एकच. एक टेबलापाशी बसला, दुसरा पुढे गिरणीत गेला, पण निघाले दोघे एकाच दारातून.

बरं, काम तर सगळेच करतात. सुतार करतो, कुणबी करतो, घरची बाई सगळ्यांहून जास्त करते. मग सरकारी माणसालाच ‘काम करणारा’ हे नाव का पडलं? याचं उत्तर वतनदारीत आहे. इथं जरा सावकाश जाऊ.

गावची पाटीलकी ही जुन्या काळी नेमणूक नव्हती, वतन होतं. बापाकडून मुलाकडे येणारा हक्क. चार पिढ्या गेल्या की त्या वतनाचे वाटेकरी वीस-पंचवीस भाऊबंद होत. जमीन सगळ्यांच्या नावे, मान सगळ्यांना, ‘पाटील’ हे आडनाव सगळ्यांचं. पण चावडीत बसून वसूल कोणी करायचा? मोजणीदार आला तर बांधावर कोणी जायचं? गुन्हा घडला तर पंचनाम्याला हजर कोणी राहायचं? त्यासाठी भाऊबंदांतला एकच जण लागे, आणि कामावर असलेला तो जो एक, तो ‘कामगार पाटील’. बाकीचे नुसते वतनदार. म्हणजे ‘कामगार’ हा शब्द ‘हक्कदार’च्या उलट बाजूचा आहे. हक्क अनेकांचा असेल, पण आज काम याच्या हातात आहे, एवढंच तो सांगतो.

इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली नाही, कायद्यात बसवली. १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला. वतनदार कुटुंबातले प्रतिनिधी कोण, त्यांच्यात पाळी कशी फिरायची, वतनदार अज्ञान असला किंवा बाई असली तर बदली माणूस कोण, हे सारं त्यात घातलं गेलं. वतनदार वेगळा आणि प्रत्यक्ष काम चालवणारा वेगळा, हा फरक त्या कायद्याच्या मुळाशी आहे. ‘कामगार मुलकी पाटील’, ‘कामगार पोलीस पाटील’ ही नावं या भेदाची आहेत.

तलाठ्याची गोष्ट अर्थातच निराळी. तलाठी हा वतनदार नव्हेच, तो पगारी. गावचं दप्तर आधी कुलकर्ण्याच्या घरात असे, तेही वतनच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतनं खालसा करून पगारी तलाठी नेमले, आणि ते काम सर्व जातींच्या माणसांना खुलं झालं. मुंबई राज्यात कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा १९५० चा. मग वतनच नसलेल्या तलाठ्याला ‘कामगार’ म्हणायचं कारण काय उरलं? काही नाही. शिक्का करणाऱ्यानं आधीच्या शिक्क्याचा मजकूर पुढे चालवला, असं आम्हाला वाटतं. कचेरीत माणसं बदलतात, कायदे बदलतात, नमुना मात्र सहजासहजी बदलत नाही. तर मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे : शिक्क्यावरचा कामगार युनियनचा नाही, चावडीचा आहे.

पण ही गोष्ट इतकी गोड ठेवून पुढे जाता येणार नाही. गावात सरकारचं काम पाटील-कुलकर्णीच करत होते असं नाही. सरकारचा वसूल तालुक्याला पोचवणं, सांगावे घेऊन धावणं, साहेब आला की त्याच्या पुढे वाट दाखवत चालणं, रात्री गस्त घालणं हे महार वतनदारांकडे होतं. त्याच १८७४ च्या कायद्याखाली. काम सरकारचं, पण मोबदला बराचसा गावाकडून मिळणारं बलुतं आणि तुटपुंजी इनाम जमीन. वेळेचं बंधन नाही, घरातल्या कोणालाही केव्हाही हाक. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक मांडलं, ते याच वेठीविरुद्ध. फुले ज्यांना कामगार म्हणतात त्यांच्यात हे लोक दिसत नाहीत. तिथला कामगार लेखणी धरणारा. सरकारी काम करणारा प्रत्येक जण ‘कामगार’ नव्हताच. ज्याच्याकडून लोकांचं काम अडू शकत होतं तो कामगार होता.

आता मुंबईला जाऊ. तिथं १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं गिरणीत आली. त्यांना काय म्हणायचं? मराठीत शब्दांचा तुटवडा नव्हता. कामकरी होता, मोलकरी होता, मजूर होता. मजूर हा फारसी ‘मुज्द’पासून आला आहे, मुज्द म्हणजे मजुरी, मोल. म्हणजे मजूर हे नाव माणसाला त्याच्या मोबदल्यावरून दिलेलं. इंग्रजीत तर त्याहून कमी दिलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणीतल्या लोकांची जी संघटना उभी केली ती ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’. हँड्स. नुसते हात! आज आपल्याला मिळणारी रविवारची सुटी ज्यांच्या खटपटीनं १८९० मध्ये गिरण्यांत सुरू झाली ते हे लोखंडे. सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, फुल्यांचे सहकारी.

आणि मग काही वर्षांतच शब्द पलीकडे गेलेला दिसतो. १९०९ साली सीताराम केशव बोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ‘कामगार हितवर्धक सभा’ स्थापन केली. इथला कामगार सरकारी कचेरीतला नाही, गिरणीतला आहे. १९२८ च्या मोठ्या संपात ‘गिरणी कामगार युनियन’ उभी राहिली, तोवर दुसरा अर्थ मुंबईत कोणाला आठवतही नसावा. ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि ही सभा यांच्यात अंतर किती? सव्वीस वर्षं.

आता ती जोडी पुन्हा बघा. १८८३ मध्ये शेतकरी आणि कामगार एकमेकांसमोर उभे होते. १९४७ साली केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी पक्ष काढला, त्याचं नाव ‘शेतकरी कामगार पक्ष’. एकाच फलकावर शेजारी शेजारी, एका बाजूला उभे असलेले शेतकरी आणि कामगार. हे जेधे कोणत्या घराण्यातले? पुण्यातल्या सत्यशोधक, ब्राह्मणेतर चळवळीच्या. म्हणजे फुल्यांचा वारसा सांगणाऱ्यांनीच पक्षाला हे नाव दिलं. फुल्यांच्या शब्दांत ते वाचलं असतं तर ‘शेतकरी आणि त्याला लुबाडणारा सरकारी अंमलदार यांचा पक्ष’ असा अर्थ झाला असता! कोणाला खटकलं नाही, कारण तोवर शब्दानं बाजू बदलून चौसष्ट वर्षांच्या आत दोन पिढ्या खाल्ल्या होत्या.

हा बदल का झाला? आमचं मत सांगतो, पटलं तर घ्या. मजूर, हमाल, कुली हे शब्द चळवळीला नकोसे होते, कारण त्यात माणूस मोलानं मोजलेला होता. ‘कामगार’ला कचेरीचं वजन होतं. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो शब्द दिला की त्याच्या कामालाही हुद्द्यासारखी किंमत येते. अर्थात हे कोणी सभा भरवून ठरवलं नसेल. मुंबईच्या शेजारी गुजरातीत अगदी हेच घडलं आहे. काठियावाडच्या संस्थानांत ‘कामदार’ म्हणजे दरबारचा कारभारी, मोठा माणूस. कामदार हे आडनाव त्यातूनच आलं. आजच्या गुजरातीत कामदार म्हणजे कामगार. दोन भाषांत एकाच वळणाचे दोन शब्द एकाच दिशेनं गेले, तेव्हा यात नुसता योगायोग नसावा.

सगळ्या सरकारी शब्दांचं नशीब असं चांगलं नसतं, हेही जाता जाता सांगतो. मोकदम म्हणजे पुढे उभा केलेला, मुख्य. जुन्या कागदांत पाटलाला मोकदम म्हणतात. त्याचा मुकादम झाला आणि तो मजुरांच्या टोळीवर आला, ऊसतोडीच्या फडात आजही आहे. शिवकाळात अख्खा किल्ला ज्याच्या ताब्यात असे तो हवालदार. आता तो चौकीत बसतो. ‘नोकर’ तर मूळचा मंगोल भाषेतला, तिथं त्याचा अर्थ साथीदार, चंगीझखानाचा खास सोबती. तो आपल्याकडे येईपर्यंत भांडी घासू लागला.

कामगार कचेरीतून निघून गेला, मग त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसलं? अधिकारी. हा शब्द संस्कृत आहे आणि त्याचा जुना अर्थ ‘पात्र’ असा आहे. वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच सांगतात की हा ग्रंथ वाचण्याचा अधिकारी कोण, म्हणजे कोणाची तेवढी तयारी झाली आहे. (त्या पात्रतेतून शूद्रांना आणि स्त्रियांना जन्मानंच वगळलं जाई, तेव्हा जुना अर्थ फार पवित्र होता असंही समजू नका.) आपण अजून म्हणतो, ‘गाण्यातला अधिकारी माणूस’. तिथं हुकूम चालवणारा अभिप्रेत नसतो, जाणकार असतो. सरकारी भाषेत मात्र पात्रता मागे पडली आणि सत्ता पुढे आली. १९६० मध्ये राज्यात भाषा संचालनालय स्थापन झालं, हुद्द्यांना मराठी नावं देण्यासाठी ‘पदनाम कोश’ निघाला. आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली, पण कोशातली बरीच नावं रुळली. जिल्हाधिकारी, प्रांत अधिकारी, गटविकास अधिकारी. लोक बोलताना अजून कलेक्टर आणि बीडीओच म्हणतात, ते सोडा.

गंमत अशी की, आता सगळ्यांनाच अधिकारी व्हायचं आहे. अलीकडे ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी झाला. कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी झाला. तलाठ्यालाही ग्राम महसूल अधिकारी हे नाव मिळालं. सेवक आणि सहायक या शब्दांत कमीपणा वाटला, म्हणून संघटनांनी मागणी केली आणि शासनानं ती मान्य केली. त्यांना नावं ठेवण्याचं कारण नाही. गावात रोज शिव्या खाणाऱ्या माणसाला नावाचा तरी आधार हवा असतो. पण त्या मुलीच्या दाखल्यावरचा शिक्का आता जपून ठेवण्यासारखा झाला आहे. नवे शिक्के येतील तसा ‘कामगार तलाठी’ जाईल, आणि त्याच्याबरोबर कामगार शब्दाचा जुना अर्थही.

कामगार आणि अधिकारी ही आता दोन टोकं झाली आहेत. नुसती बोलण्यात नाही, कायद्यात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार कोण ते ठरवलं आणि व्यवस्थापनाचं काम करणाऱ्याला त्यातून बाहेर ठेवलं. त्या कायद्याखाली कामगार ठरला तर कामगार न्यायालयाचं दार उघडे. नाही ठरला तर दुसरीकडे जावं लागे. आणि या दोन टोकांची गाठ एका पदनामात पडते : ‘सरकारी कामगार अधिकारी’. कामगार खात्यातलं खरंखुरं पद आहे हे. फुल्यांना हे नाव कोड्यासारखं वाटलं असतं.

आता त्या मुलीचा दुसरा प्रश्न. तिची आई आशाताई आहे. गरोदर बायकांची नोंद ठेवायची, त्यांना वेळेवर दवाखान्यात न्यायचं, लसीकरणासाठी घरोघर फिरायचं, करोनाच्या दिवसांत तर लोक दार उघडत नसतानाही फिरायचं. दाखल्यासाठीच्या चौकशीत आईच्या व्यवसायापुढे ‘मोलमजुरी’ असं लिहिलं गेलं होतं. मुलगी म्हणाली, “आई सरकारचं काम करते. मग ती अधिकारी नाही, कर्मचारी नाही, कामगार नाही, तर तिला म्हणायचं काय?”

सरकारी कागदात उत्तर आहे : ‘आशा स्वयंसेविका’. २००५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हापासून ही बाई स्वतःच्या इच्छेनं सेवा करणारी मानली गेली आहे. म्हणून तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. अंगणवाडी सेविकांची योजना तर १९७५ ची, तिथंही मानधनच. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. ती शिफारसच राहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यातला आपल्या विषयाशी जोडलेला भाग एवढाच, की ज्याला मानधन म्हणतात ते त्या कायद्यापुरतं वेतनच आहे असं न्यायालयानं धरलं. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसला आणि म्हातारपणी हातात काही रक्कम येण्याची सोय झाली. आशांच्या बाबतीत तेवढंही झालेलं नाही.

त्या मुलीला आम्ही सांगितलं की, चावडीच्या जुन्या अर्थानं तुझी आई पक्की कामगार आहे; हक्क कोणाचाही असो, काम आज तिच्या हातात आहे. ती म्हणाली, “पण सर, तो अर्थ तर तुम्ही म्हणता आता जाणार.” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. झेरॉक्स मात्र आम्ही मागून घेतली. ती इथं टेबलावर ठेवली आहे, नाव-गाव झाकून. ज्यांना शिक्का बघायचा असेल त्यांनी पुढे यावं, तोवर प्रश्न घेऊ.